मुरमांसाठी डॉक्टरांनी दिलेलं रेटिनॉइड क्रीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचेच्या डॉक्टरांनी तपासून अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन किंवा टॅझारोटीन यांपैकी काहीतरी लिहून दिलंय, ट्यूब घरी आलीय आणि आता ती नेमकी लावायची कशी हा प्रश्न पडलाय, अशांसाठी ही उत्तरं आहेत. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर यापेक्षा वेगळं काही लिहिलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुमचा चेहरा पाहिलेला आहे.

रेटिनॉइड म्हणजे काय? ते मुरमांवर काय काम करतं?

रेटिनॉइड हे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध. मुरूम आपल्याला दिसतो त्याच्या कित्येक आठवडे आधी त्याची सुरुवात झालेली असते. केसाच्या मुळाशी एक बारीक नळी असते, तिच्या आतल्या मृत पेशी नीट झडून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात, त्यात तेल साचतं आणि डोळ्यांना न दिसणारा एक छोटा बूच तयार होतो. हाच बूच पुढे ब्लॅकहेड किंवा व्हाइटहेड होतो, आणि आत जंतू वाढून सूज आली की लाल, दुखरा, पू भरलेला मुरूम. रेटिनॉइड या पेशींना चिकटू देत नाही. बूच मुळात तयारच होत नाही, आणि असलेला सैल होऊन निघून जातो. थोडीफार सूजही ते कमी करतं.

या एका गोष्टीतून पुढची बहुतेक उत्तरं निघतात. हे औषध आज दिसणाऱ्या मुरमापेक्षा महिन्याभराने येऊ घातलेल्या मुरमासाठी आहे.

मग फक्त मुरमावर ठिपका लावला तर चालेल ना?

नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मुरमावर ठिपका लावल्याने तो मुरूम रातोरात बसत नाही, उलट सुजलेल्या जागी औषध जास्त बसून ती जागा सोलवटते आणि मागे काळा डाग राहतो. शेजारच्या, वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेत जे बूच तयार होत आहेत, त्यांना मात्र औषध मिळतच नाही. जिथे जिथे मुरूम येतात तो सगळा भाग, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी, पातळ थराने झाकायचा.

किती क्रीम घ्यायचं?

पूर्ण चेहऱ्याला मटारच्या एका लहान दाण्याएवढं. वजनात सांगायचं तर साधारण पाव ग्रॅम, थोडं जास्त. ते बोटावर घेतलं की ‘एवढ्याने काय होणार?’ असं वाटतंच, आणि मग हात पुन्हा ट्यूबकडे जातो. तिथेच थांबा. हे मॉइश्चरायझर नाही, पांढरा थर दिसेपर्यंत चोपडायचं नसतं. जास्त लावल्याने मुरूम लवकर जात नाहीत, फक्त जळजळ वाढते.

तपासायची सोपी खूण सांगतो. १५ ग्रॅमची ट्यूब रोज रात्री लावूनही साधारण दीड ते दोन महिने टिकायला हवी. तुमची वीस दिवसांत संपत असेल तर तुम्ही दुपटीहून जास्त लावताय. आणि चार महिने झाले तरी अर्धी शिल्लक असेल, तर एकतर रात्री चुकताहेत किंवा अजून ठिपकेच लावले जाताहेत.

रात्री लावायची नेमकी पद्धत सांगा.

चेहरा सौम्य, बिनदाण्याच्या फेसवॉशने एकदा धुवा. कोमट किंवा साधं पाणी चालेल, गरम नको. टॉवेलने घासू नका, टिपून घ्या.

आता थांबा. पंधरा ते वीस मिनिटं, नवख्यांनी तर अर्धा तास. ओलसर त्वचेत औषध पटकन आत शिरतं आणि त्यामुळेच चुणचुण जास्त होते. जेवणाआधी चेहरा धुतला आणि झोपण्याआधी क्रीम लावलं, तर हा वेळ वेगळा काढावा लागत नाही.

ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या बाजूच्या घड्या आणि डोळ्यांखाली थोडं साधं व्हॅसलीन लावून घ्या. या तीन जागांची त्वचा पातळ असते आणि औषध सरकत जाऊन तिथेच साठतं. नाकाच्या घडीत लाल चीर पडली की हसताना, जांभई देतानाही झोंबतं, आणि ती भरायला चार-पाच दिवस जातात.

मग मटारच्या दाण्याएवढं क्रीम बोटाच्या टोकावर घेऊन चेहऱ्यावर पाच ठिपके ठेवा: कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी. प्रत्येक ठिपका हलक्या हाताने बाहेरच्या बाजूला पसरवत न्या. मसाज नको. पापण्या, डोळ्यांच्या कडा, ओठ आणि नाकाच्या आतली बाजू सोडायची. उरलंसुरलं बोट मानेवर पुसायची सवय अनेकांना असते, ती टाळा, मानेची कातडी चेहऱ्याहून नाजूक असते.

दहा-पंधरा मिनिटांनी सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर लावा. हात धुवा. डोळे चोळायची सवय असेल तर हात धुणं विसरूच नका.

पहिल्या दिवसापासून रोज लावायचं का?

रोज लावायला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नसेल तर नको. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन आठवडे एक रात्र सोडून एक, आणि त्वचा शांत असेल तर पाचव्या आठवड्यापासून रोज, हा क्रम बहुतेकांना मानवतो. मध्ये त्वचा लाल झाली, ओढल्यासारखी वाटू लागली तर एक पायरी मागे या. कोरड्या त्वचेच्या काही जणांना एक रात्र सोडून लावण्यापलीकडे कधीच जाता येत नाही, आणि तेवढ्यावरही त्यांचे मुरूम आटोक्यात येतात.

एखादी रात्र चुकली तर चुकली. दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नका.

फारच झोंबतंय. बंद करू का?

आधी किती झोंबतंय ते बघा. पहिल्या दोन ते चार आठवड्यांत थोडा कोरडेपणा, नाक-ओठांच्या आसपास बारीक पापुद्रे, लावल्यावर काही मिनिटं चुणचुण, हे अपेक्षित आहे. त्वचा सरावते आणि महिन्याभरात हे बरंच ओसरतं. इथे घाबरून ट्यूब फेकून देणारे खूप, आणि नंतर ‘मला हे क्रीम सूट होत नाही’ असं कायमचं मनात बसतं. औषध वाया गेलं याची हळहळ वाटते, कारण बहुतेकदा दोष औषधाचा नसतो, घाईचा असतो.

त्रास कमी करायचे तीन मार्ग आहेत. पहिला, आधी मॉइश्चरायझर, ते मुरलं की क्रीम, त्यावर पुन्हा मॉइश्चरायझर. दुसरा, क्रीम लावून अर्ध्या तासाने धुऊन टाकायचं आणि दर आठवड्याला हा वेळ थोडा थोडा वाढवायचा. तिसरा, दोन-तीन रात्री पूर्ण सुट्टी देऊन, त्या काळात फक्त सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर वापरून, मग कमी रात्रींवर परत सुरू करायचं.

पण चेहरा साधं पाणी लागलं तरी भाजल्यासारखा होतोय, त्वचा चकाकणारी लाल झालीय, किंवा भेगांतून पाणी येतंय, अशा वेळी क्रीम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. पापण्या सुजणं, खाजरे उंचवटे किंवा फोड येणं ही अ‍ॅलर्जीची लक्षणं असू शकतात. त्यात वाट बघायची नाही.

सावळ्या त्वचेसाठी काही वेगळी काळजी?

हो, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गोऱ्या कातडीवर जळजळ झाली की ती लाल होते आणि आठवड्यात निवळते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत त्याच जळजळीने रंगद्रव्य खाली उतरतं आणि तपकिरी-काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणजे मुरमांचे डाग घालवायला घेतलेलं क्रीम घाईने लावलं तर तेच नवे डाग देतं. परदेशी व्हिडिओंत ‘सोललं म्हणजे काम करतंय’ असं सांगतात, ते मनावर घेऊ नका. सोलपटं निघणं हा औषध लागू पडल्याचा पुरावा नाही. अजिबात न सोलवटताही औषध आपलं काम करत असतं.

लावायला लागल्यापासून मुरूम वाढलेत!

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यादरम्यान काहींना असं होतं. आत आधीच तयार असलेले बूच लवकर वर येतात. हे मुरूम साधारण नेहमीच्याच जागी येतात, लहान असतात आणि लवकर बसतात. सगळ्यांनाच होतं असं नाही, आणि झालं नाही म्हणजे औषध कुचकामी असंही नाही.

जिथे कधीच मुरूम येत नव्हते तिथे, म्हणजे डोळ्यांच्या बाजूला किंवा गळ्यावर, पुरळ उठलं, खाज सुटली, तर मात्र ते आतलं बाहेर येणं नव्हे. बहुधा जळजळ किंवा नवं मॉइश्चरायझर न मानवणं. आठ आठवड्यांनंतरही वाढतच असेल, किंवा खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर डॉक्टरांकडे परत जा. गाठींच्या मुरमांना नुसतं क्रीम पुरत नाही आणि उशीर झाला की खड्डे पडतात.

फरक कधी दिसेल?

पहिला खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी. त्याआधी निकाल लावू नका. आरशात रोज बघून काही कळत नाही. दर दोन आठवड्यांनी, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, फ्लॅश न लावता समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे तीन फोटो काढून ठेवा. तिसऱ्या महिन्यात पहिल्या फोटोशी ताडून पाहा.

माझ्या चिठ्ठीवर अ‍ॅडापलीन आहे, बहिणीच्या चिठ्ठीवर ट्रेटिनॉइन. जास्त ‘पॉवरफुल’ कोणतं?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण नुसत्या टक्क्यांवरून तुलना करता येत नाही. अ‍ॅडापलीन ०.१ टक्का आणि ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के यांचा मुरमांवरचा परिणाम जवळपास सारखा, आणि जळजळ अ‍ॅडापलीनची कमी. म्हणून मुरमांसाठी सुरुवात बऱ्याचदा त्यानेच होते. ट्रेटिनॉइन ०.०२५, ०.०५ आणि ०.१ टक्के अशा चढत्या ताकदीत येतं. त्याचं मायक्रोस्फिअर जेलही मिळतं, ज्यात औषध बारीक कणांतून हळूहळू सुटतं आणि कमी झोंबतं. टॅझारोटीन या तिघांत सगळ्यात तिखट. बहिणीची ट्यूब मागून घेऊ नका.

यांतलं कोणतंच औषध नवं नाही. अमेरिकेत ट्रेटिनॉइनला १९७१ साली मान्यता मिळाली, अ‍ॅडापलीनला १९९६ साली.

जेल घ्यावं की क्रीम?

तेलकट चेहरा आणि दमट हवा, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा इथे जेल हलकं वाटतं. कोरडी त्वचा असेल, पुण्या-नाशिकची थंडी असेल किंवा विदर्भातला कोरडा उन्हाळा, तर क्रीम. जेल तुलनेने जास्त कोरडं करतं. ऋतू बदलला की डॉक्टरांना विचारून प्रकार बदलता येतो. ताकद तीच ठेवून नुसतं जेलचं क्रीम केलं तरी पुष्कळांचा त्रास कमी होतो.

अमेरिकेतल्या मावशीने अ‍ॅडापलीन जेल पाठवलंय. तिकडे म्हणे चिठ्ठीशिवाय मिळतं?

बरोबर. २०१६ पासून तिथे ०.१ टक्का अ‍ॅडापलीन जेल दुकानात थेट मिळतं, ०.३ टक्क्याला तिथेही चिठ्ठी लागते. औषध तेच आहे, नियम वेगळा आहे. थेट मिळतं म्हणजे गरोदरपणात चालतं किंवा उन्हाची काळजी नको, असा अर्थ काढू नका. आणि आधीच इथली ट्यूब चालू असेल तर दोन्ही एकावर एक नकोत.

मेडिकलवाल्याने ‘हे लावा, पिंपल्स आणि डाग दोन्ही जातील’ म्हणून एक क्रीम दिलं. त्यावर ट्रेटिनॉइनचंही नाव आहे. तेच का हे?

ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचा. गरज पडली तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा. त्यात ट्रेटिनॉइनसोबत हायड्रोक्विनोन (त्वचेचा रंग फिका करणारं औषध) आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन ही नावं दिसली, तर ते मुरमांचं औषध नाही. ते वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजके आठवडे वापरायचं तिहेरी मिश्रण आहे. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही सगळी स्टेरॉइडची नावं. शेवट ‘सोन’, ‘लोन’ किंवा ‘सोल’ असा दिसला की सावध व्हा आणि विचारा.

अशी क्रीम्स आपल्याकडे सर्रास ‘गोरं करणारं क्रीम’ म्हणून खपतात याचं मनापासून वाईट वाटतं. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळ, गुळगुळीत दिसतो, कारण स्टेरॉइड सूज दाबतं. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, गालांवर लाल बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते, आणि एकसारख्या छोट्या मुरमांची दाट पुरळ येते. बंद केलं की दोन-चार दिवसांत चेहरा लालबुंद होऊन आग आग होते, म्हणून माणूस घाबरून परत तेच लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने बाहेरून लावायच्या १४ स्टेरॉइडांचा समावेश शेड्यूल एचमध्ये केला, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी काउंटरवर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तुम्ही असं क्रीम महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम थांबवून त्यावर रेटिनॉइड सुरू करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना ती ट्यूबच दाखवा. स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने कसं सोडवायचं ते ते ठरवतील.

रेटिनॉइडनेही कातडी पातळ होते ना?

नाही. ही भीती बहुधा वरच्या स्टेरॉइड क्रीम्समुळेच पसरली आहे. रेटिनॉइडने फक्त सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर थोडा पातळ आणि घट्ट होतो, म्हणून त्वचा सुरुवातीला नाजूक वाटते. खालचा जिवंत थर मात्र कालांतराने जाड होतो.

उन्हात गेलं तर चालतं का? सनस्क्रीन कितीचं?

उन्हात जायला बंदी नाही, पण त्वचा लवकर भाजते, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. सकाळी एसपीएफ ३० किंवा ५० चं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहरा-मानेला लागतं. त्यापेक्षा कमी लावलं तर डबीवरचा आकडा नुसता छापलेलाच राहतो. दुचाकीवर फिरणं, शेतात किंवा मैदानावर काम असेल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा, आणि टोपी-स्कार्फ बांधा. स्कार्फ मात्र रोज धुतलेला हवा; घामट स्कार्फ आणि हेल्मेटचा पट्टा घासून हनुवटीवर, जबड्यावर मुरूम येतात.

ट्रेटिनॉइन उजेडात मोडतं, म्हणूनही ते रात्रीच लावायचं. उन्हाळ्यात औषध बंद करायची गरज नाही. मार्च ते मे या काळात नव्याने सुरू करत असाल तर मात्र वर सांगितलेल्या क्रमाहूनही हळू जा.

बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि क्लिंडामायसिनही दिलंय. कोणतं कधी?

बेन्झॉइल पेरॉक्साइड मुरमांतले जंतू मारतं, पण त्यामुळे ट्रेटिनॉइन निकामी होतं, म्हणून ही दोन एकाच वेळी एकावर एक नकोत. एक सकाळी, एक रात्री. अ‍ॅडापलीनला हा प्रश्न नाही. दोन्ही एकाच ट्यूबमध्येही मिळतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घाला आणि गळ्याशी रंगीत कुर्ता असेल तर आधी जेल वाळू द्या.

क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक आहे. ते एकटंच महिनोन्‌महिने लावत राहिलं तर जंतू त्याला जुमानेनासे होतात. म्हणून ते ठरावीक मुदतीसाठी, सहसा तीन महिन्यांपर्यंत, आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच द्यायची पद्धत आहे. चिठ्ठीवरची मुदत संपली की जुन्या चिठ्ठीवर आणत राहू नका.

सॅलिसिलिक फेसवॉश, व्हिटॅमिन सी सिरम, ग्लायकॉलिक टोनर, हे सगळं चालू ठेवू?

पहिले दोन-तीन महिने कपाटात ठेवा. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि रात्रीचं क्रीम, एवढ्या चारच गोष्टी. पाचवी आली की त्रास कशाने झाला तेच कळत नाही.

घरगुती उपायांबद्दलही हेच. मुरमावर लिंबू, टूथपेस्ट किंवा खायचा सोडा लावणं म्हणजे आधीच नाजूक झालेल्या कातडीवर घाव. मुलतानी माती कोरडं करते. दिवाळीतल्या अभ्यंगाला उटणं अंगाला खुशाल लावा, चेहरा मात्र सोडा. त्यातली जाडसर भरड चोळल्याने गाल दोन दिवस झोंबतात. हळदीच्या समारंभात नवरीच्या चेहऱ्यावर सगळे जण हौसेने हळद चोळणारच, तेव्हा तिने आठवडाभर आधीपासून क्रीम थांबवावं. होळी-रंगपंचमीलाही तीन-चार दिवस आधी थांबवा, सकाळी चेहऱ्याला मॉइश्चरायझरचा जाड हात द्या, आणि रंग काढताना घासू नका.

केसांना तेल लावलेलं चालतं का?

चालतं, पण रात्रभर चप्प तेल लावून झोपलात तर ते कपाळावर आणि उशीवर उतरतं. कपाळाच्या वरच्या कडेला, केसांच्या रेषेलगत बारीक पुरळ असेल तर संशय तेलावरच घ्या. न्हाण्याआधी तासभर लावा आणि धुऊन टाका. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

वॅक्सिंग, थ्रेडिंग, फेशियल?

चेहऱ्याचं वॅक्सिंग करायचं तर निदान आठवडाभर आधी क्रीम बंद, नाहीतर केसांबरोबर वरची कातडीही निघून येते आणि ओठांवर भाजल्यासारखा पट्टा उठतो. तो डाग जायला महिने लागतात. थ्रेडिंगला तीन-चार दिवस थांबलं तर पुरे. दोन्हींनंतर त्वचा शांत होईपर्यंत परत सुरू करू नका. ब्लीच आणि स्क्रबचं फेशियल या काळात नकोच. पार्लरमधल्या ताईंना, ‘मी रेटिनॉइड लावतेय’ असं आधीच सांगा. लेझर किंवा पील करायचं असेल तर किती दिवस आधी थांबायचं ते करणारे डॉक्टर सांगतील.

दाढीचं काय?

रात्री क्रीम, सकाळी दाढी. फेस किंवा जेल भरपूर, वस्तरा नवा, केसांच्या वाढीच्या दिशेने. सलूनमध्ये दाढीनंतर तुरटी फिरवतात किंवा अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह लावतात, दोन्हीला नको म्हणा.

गरोदर आहे, किंवा बाळाचा विचार चालू आहे.

क्रीम थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. त्वचेतून रक्तात जाणारं प्रमाण अगदी थोडं असलं तरी गरोदरपणात रेटिनॉइड वापरत नाहीत, आणि टॅझारोटीन तर पूर्ण वर्ज्य. दिवस गेल्याचं कळायच्या आधी काही दिवस लावलं गेलं असेल तर घाबरून कुठलाही निर्णय घेऊ नका. लावणं बंद करा, स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. क्रीममधून रक्तात जाणारी मात्रा आणि रेटिनॉइडच्या गोळ्यांची मात्रा यांत फार अंतर आहे.

आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे तीव्र मुरमांसाठी पोटात घ्यायचं रेटिनॉइड, त्याच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. त्या बाळाला गंभीर व्यंग आणू शकतात. गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर एक महिना गर्भ राहू नये याची पक्की काळजी घ्यावी लागते. डॉक्टरांशी हे बोलताना संकोच करू नका. लग्न ठरलंय, एवढं सांगितलं तरी त्यांना कळतं.

अंगावर पाजत असाल तर विचारूनच लावा. छातीवर, जिथे बाळाचं तोंड लागतं तिथे, अजिबात नको.

पाठीवर आणि खांद्यावर लावू का?

डॉक्टरांनी सांगितलं असेल तर हो. क्रीम जास्त लागेल, आणि हात पोहोचत नाही तिथे घरच्यांची मदत घ्या. बॅगचे पट्टे जिथे घासतात तिथे त्रास जास्त होतो.

डाग आणि खड्डे जातील का?

सपाट काळे-तपकिरी डाग हळूहळू फिके होतात, काही महिने लागतात, तेही सनस्क्रीन नियमित असेल तर. आत खोल गेलेले खड्डे क्रीमने भरत नाहीत. त्यासाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं), लेझर, सबसिजन (खड्ड्याखालचे घट्ट धागे सुईने सोडवणं) असे उपचार असतात, आणि ते मुरूम पूर्ण आटोक्यात आल्यावरच.

तीन महिने नीट लावलं, तरी काहीच फरक नाही.

आधी पडताळून पाहा: पूर्ण भागावर लावलं का, आठवड्यातून किती रात्री, केसांचं तेल किंवा जड मेकअप चालू आहे का. हे सगळं ठीक असेल तर निदानच वेगळं असू शकतं. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराची खाजरी पुरळ, ब्लॅकहेड एकही नाही, असं असेल तर ती बुरशीमुळे आलेली असू शकते आणि तिला रेटिनॉइडने गुण येत नाही. मुलींना हनुवटी-जबड्यावर खोल मुरूम, पाळी अनियमित, ओठांवर-हनुवटीवर राठ केस, असं एकत्र असेल तर पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी हवी. व्यायामशाळेतली पूरकं, स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं, फिट्सची आणि क्षयरोगाची काही औषधं यांनीही मुरूम येतात. तुमची चालू औषधं डॉक्टरांपासून लपवू नका, आणि स्वतःहून बंदही करू नका.

मुरूम गेले. आता बंद करू?

बूच तयार होण्याची प्रवृत्ती गेलेली नसते, म्हणून एकदम बंद केलं की काही महिन्यांत पुन्हा येतात. चेहरा स्वच्छ झाल्यावर बहुतेक डॉक्टर प्रतिजैविक थांबवतात आणि रेटिनॉइड आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवायला सांगतात. किती काळ, ते वयावर आणि मुरमांच्या स्वभावावर.

ट्यूब कुठे ठेवायची?

सावलीत, थंड जागी, झाकण घट्ट लावून. बाथरूममध्ये गीझरशेजारी नको, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये तर मुळीच नको. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात घरातलं सगळंच तापतं, तिथे फ्रीजच्या दारात ठेवलेली चालते, फ्रीझरमध्ये नाही. क्रीम पिवळं पडलं, पाणी सुटलं किंवा मुदत संपली की टाकून द्या. ट्यूब खालच्या बाजूने दाबत आणा. शेवटच्या घडीवर मुदत छापलेली असते, ती कापण्याआधी वाचून घ्या.